मान्यतेची प्रत

लातूर, १४ ऑक्टोबर २०१०

मनू,

आशीर्वाद आहेतच, माझ्या बहिणीची मुलगी म्हणून ते तुला न मागता मिळतात. पुढचं मात्र तू मागून घेतलेलं आहेस. प्रबंधाचा आराखडा पाठवून 'मामा, मोकळेपणाने मत कळवा' असं तूच लिहिलंस.

मत असं आहे. लिंगभाव, आघात, स्थलांतर आणि देशी ज्ञान हे चार शब्द तू एका शीर्षकात कोंबलेस. तुमच्या लोकांची पद्धत मला कळते. दिल्लीत बसून चार खाने आखायचे आणि मराठवाड्यात उतरून चारही खान्यांत बसेल अशी एक बाई धुंडायची. ती तुला मीच शोधून दिली, याची मला लाज वाटते. तुळजाबाई बाई आहे, झाला पहिला खाना. भूकंपात तिचं घर गेलं, लेक गेली, दुसरा भरला. किल्लारीकडची असून किनवटच्या जंगलात आश्रमशाळेच्या वसतिगृहात स्वयंपाक करते, तिसरा. आणि पोरींचं पोट दुखलं की ओवा देते, हे म्हणे देशी ज्ञान! अगं, ओवा तुझी आजीसुद्धा देत होती. तिच्यावर कुणी प्रबंध लिहिला नाही, कारण ती इथल्या बाजारपेठेत, गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत राहत होती.

मला तुमची जमात नवी नाही. भूकंपानंतर पाच वर्षं आमच्याकडे धान्यापेक्षा प्रश्नावल्या जास्त आल्या. 'झोप लागते का? होय किंवा नाही.' 'मेलेली माणसं स्वप्नात येतात का? नेहमी, अधूनमधून, कधीच नाही.' धोंडप्पा नावाचा एक शेतकरी होता, त्याची बायको आणि दोन मुलं गेलेली. सातव्यांदा तोच कागद समोर आला तेव्हा त्यानं त्या बाईला शांतपणे विचारलं, "ताई, मागल्या वर्षीचं उत्तर चालंल का?" तिनं तेसुद्धा लिहून घेतलं. वाचलं मी ते पुढे एका अहवालात. 'भावनिक बधिरता' असं नाव दिलं होतं त्याला. बधिर कोण होतं ते लिहायचं राहिलं.

तुळजाबाईची नात पुनम इथे बारावीला आहे, तिचा पालक म्हणून वसतिगृहाच्या वहीत माझं नाव आहे. काल आली होती. "सर, ताईंनी पंधरा दिवस आजीला काय काय विचारलं?" म्हणाली. मी सांगितलं, "ओव्याबद्दल."

अमृतमामा

दिल्ली, २ नोव्हेंबर २०१०

मामा,

तुमचं पत्र इथे दोन मैत्रिणींना मोठ्याने वाचून दाखवलं. त्या हसल्या. एक म्हणाली, तुझ्या मामांना समोर माईक नसतानाही माईक दिसतो.

मी रागावलेली नाही, पण ऐका. दर तीस सप्टेंबरला तुम्ही भूकंपाच्या गावी भाषण करता. त्यात तुळजाबाई असतेच. आजीने ढिगाऱ्यातून नात काढली, मराठवाड्याच्या मातीने मृत्यूला हरवलं, टाळ्या. सतरा वर्षं टाळ्या. त्या सतरा वर्षांत तुम्ही तिच्यासमोर बसून कधी एक प्रश्न विचारलात? तिनेच मला सांगितलं, "सरांनी मला काई इचारलंच न्हाई. त्येनला सगळं ठावं असतंय." आमच्या प्रश्नावल्यांना तुम्ही हसता. निदान आमच्या कागदावर उत्तरासाठी जागा सोडलेली असते.

तिच्या आयुष्याचं तुम्हाला जे पाठ आहे, त्यात एक मोठी चूक आहे. ती कोणती हे मी सांगणार नाही. गोपनीयतेचं बंधन आहे आणि ते मामांनाही लागू आहे.

आता काम. आमच्याकडे नियम असा की ज्याने माहिती दिली त्याच्याकडे त्याच्या बोलण्याची लिखित प्रत परत जाते. त्याला मान्य असेल तर तो सही करतो, मगच ती प्रबंधात जाते. याला आम्ही मान्यतेची प्रत म्हणतो. कुणाच्या तोंडचं काही चोरून वापरलं जाऊ नये म्हणून हे आहे. तुळजाबाईला वाचता येत नाही, तिच्यासाठी 'वाचून दाखवून अंगठा' अशी सोय आहे. तिच्या आश्रमशाळेच्या वाडीवर टपाल पोचत नाही. मी पाकीट तुमच्या पत्त्यावर पाठवू का?

मनस्विनी

लातूर, २० नोव्हेंबर २०१०

मनू,

पाठव पाकीट. पेन्शनीत निघालेला इतिहासाचा मास्तर टपाल वाटायला मोकळाच असतो.

चूक म्हणतेस? त्या दिवशी तू आठ वर्षांची होतीस. भूकंपाच्या तिसऱ्या दिवशी कॉलेजची जीप घेऊन मी तिथे होतो. ही बाई पदराखाली लेकरू घेऊन जीपपाशी आली आणि म्हणाली, "मला हितून लांब न्या." कुठे म्हटलं, तर म्हणाली, "कुटंबी." मी तिला बसवलं. लातूर, नांदेड, हिमायतनगर करत किनवटला माझ्या मित्राच्या आश्रमशाळेत नेऊन ठेवलं. मी ते डोळ्यांनी पाहिलं आहे आणि तू मला संदर्भसूचीतून दुरुस्त करतेस!

तुमच्या धंद्याचा जोडधंदा आता इथे जोरात आहे. दुःखाचे संशोधक ओसरले आणि गुणांचे व्यापारी आले. गावभर फलकांवर पोरांचे फोटो, खाली टक्के. निवडणुकीतल्या उमेदवारालाही इतकी लाज वाटते की तो हात तरी जोडतो. पुनमच्या क्लासला एका खोलीत दीडशे पोरं बसतात. परवा तिला विचारलं, निजामाचं राज्य कधी संपलं? म्हणाली, "सर, ते सीईटीला नाही." सतरा वर्षांची हुशार पोर! एका बाजूनं तुम्ही आजीला सोलताय, दुसऱ्या बाजूनं हे नातीला.

मामा

दिल्ली, ३ जानेवारी २०११

मामा,

पाकीट आज पाठवलं. चाळीस पानं आहेत, वर तुमच्यासाठी माझी चिठ्ठी आहे. ती आधी वाचा. वाचून दाखवायचं काम तुम्ही स्वतः करायचं आहे. एकतीस जानेवारीपर्यंत अंगठा हवा.

मनस्विनी

लातूर, १६ जानेवारी २०११

मनू,

तुझं पाकीट मार्गी लागलं.

हातात घेतलं तेव्हाच वजनावरून ओळखलं की यात विचार कमी आणि तळटिपा जास्त. उघडलं नाही. चाळीस वर्षं मी पुस्तकं वाचली, माणसांनी लिहिलेली. चार खान्यांची ही रद्दी डोळ्यांखालून घालायची माझी तयारी नाही. शिवाय त्यासाठी लातूरहून किनवट! एसटीत पाठ मोडून घ्यायची आणि तिथे जाऊन तुळजाबाईला तिचंच बोलणं ऐकवायचं. ज्या बाईनं ते सांगितलं तिलाच ते परत ऐकवून 'हे तूच म्हणालीस ना' असं विचारणारी संस्कृती मी तरी इतिहासात कुठे वाचलेली नाही.

पुनम संक्रांतीला दोन दिवस घरी जाणार होती. क्लासवाले सोडत नव्हते, मी जाऊन भांडलो. पाकीट तिच्या हाती दिलं. म्हटलं, "घे, तुझ्या आजीची कीर्ती दिल्लीहून आलीय. वाचून दाखव आणि अंगठा घे." पोरगी इतकी खूश झाली की पाकिटावरचा पत्ता तिनं दोनदा वाचला. तुमच्या प्रबंधानं कुणाला आनंद झालेला मी पहिल्यांदाच पाहिला, म्हणून मुद्दाम कळवतो.

मामा

दिल्ली, २२ जानेवारी २०११

मामा,

तुमचं पत्र आत्ता मिळालं. चार वेळा फोन केला. मामी म्हणाल्या, "हे उदगीरला व्याख्यानाला गेलेत, परवा येतील." म्हणून स्पीड पोस्टाने लिहिते आहे आणि बंधन मोडून लिहिते आहे. चिठ्ठी वाचली असती तर हे लिहावं लागलं नसतं. चिठ्ठीत एकच वाक्य होतं: 'पाकीट पुनमच्या हाती पडू देऊ नका.'

पुनम तुळजाबाईची नात नाही.

दुसऱ्या आठवड्यात एका दुपारी, वसतिगृहाच्या चुलीमागे बसलो असताना तुळजाबाई म्हणाली, "ते यंत्र बंद कर." मी केलं. मग सांगितलं. तिची लेक बाळंतपणाला माहेरी आली होती. आठ दिवसांची मुलगी. दोघी गेल्या. तिने हाताने माती उकरली ती लेकीसाठी, आणि रडणं ऐकू आलं ते शेजारच्या घरातून. त्या घरातली पाचही माणसं मेलेली, आणि मधे तीन महिन्यांचं लेकरू. तिसऱ्या दिवशी त्या लेकराचा चुलता, गुरुबसप्पा, सोलापूरहून आला. छावणीत एकेकाला विचारत फिरत होता, आमचं कुणी राहिलं का, लेकरू तरी? तिलाही विचारलं. लेकरू तिच्या पदराखाली होतं. ती म्हणाली, "न्हाई." तो पुढे गेला आणि ती तुमच्या जीपमध्ये बसली.

तुमची जीप, मामा. सतरा वर्षं ज्या जीपवर तुम्ही टाळ्या घेता, तीच.

मी तिला विचारलं, हे मला का सांगितलंस? म्हणाली, "तू लांबची हायस. हितं ठिवलं तर कुनाच्याबी तोंडातून बाहीर पडंल. तू लांब घिऊन जाशील." आणि मी काय केलं, तर यंत्र बंद होतं म्हणून त्या संध्याकाळी वहीत आठवून लिहिलं. मग टाईप केलं. पान एकतीस ते चौतीस. मग नियमाप्रमाणे, तिचं ते तिला परत पाठवलं.

पुनमने वाचलं का? किनवटला जा. बारावीच्या परीक्षेला महिना राहिला आहे आणि तिला आजीशिवाय कुणी नाही.

मनस्विनी

लातूर, ३० जानेवारी २०११

मनस्विनी,

जाऊन आलो.

आश्रमशाळेत पोचलो तेव्हा तुळजाबाई दोनशे पोरींचं वरण घोटत होती. मला पाहून हसली. "सर, पोरीनं समदं वाचून दाखिवलं. लई झ्याक लिवलंय बाईनं. माज्या भाकरीचंबी लिवलंय." अंगठ्याच्या नखाशी निळी शाई अजून थोडी होती, तिनं तो मला दाखवला. मी विचारलं, पुनम काही बोलली? "काय बोलंल? जाताना डबा इसरली. एवडी वाचून बी ध्यान न्हाई."

माझा अंदाज सांगतो. मुलीनं ती चार पानं वाचलेली नाहीत. हे क्लासमध्ये वाढलेलं पीक आहे. पान उघडलं की 'महत्त्वाचं' असं कुठे लिहिलंय ते बघायचं, नसेल तर पुढे. औषधांची पानं वाचली असतील, उरलेली उलटली असतील. ज्या शिक्षणाला मी जन्मभर शिव्या दिल्या त्यानं आज तुझी आणि माझी अब्रू राखली, असं दिसतं. वसतिगृहावर दोनदा गेलो, ती भेटली नाही. अभ्यास आहे म्हणे. अंगठ्याचा कागद तिच्याकडेच आहे.

ती चार पानं काढ. विनंती करत नाही, सांगतो. यंत्र बंद करायला लावून सांगितलेली गोष्ट वहीत लिहिणाऱ्याला आमच्याकडे संशोधक म्हणत नाहीत. हे काही उघडं पोस्टकार्ड नाही, तरी काय म्हणतात ते लिहीत नाही.

जीपचं तू जे लिहिलंस त्यावर मी गप्प आहे. मला गप्प बसायची सवय नाही.

मामा

दिल्ली, ५ मार्च २०११

मामा,

महिनाभर विचार केला. माझ्या मार्गदर्शकांशीही बोलले, नावं न सांगता. त्यांचं मत असं की तीच चार पानं प्रकरणाचा कणा आहेत. ती काढली तर उरतो ओवा. हे तुम्हीच म्हणाला होता.

पुनमने वाचलेलं नाही असं तुम्ही लिहिता. तुळजाबाईने ऐकून अंगठा दिला असंही तुम्हीच लिहिता. म्हणजे नियमाने मान्यता मिळाली. मी सगळ्यांची नावं बदलेन, किल्लारीचं नावही काढेन. इंग्रजीतला प्रबंध दिल्लीच्या ग्रंथालयात राहील. तिला लांबच हवं होतं, याहून लांब काय असतं?

तो कागद तेवढा पुनमकडून घेऊन पाठवा.

मनस्विनी

लातूर, २० जून २०११

अमृतराव सर आणि मनस्विनीताई,

दोघांना मिळून एकच पत्र लिहिते आहे. एकाला झेरॉक्स येईल. मूळ प्रत कुणाला मिळाली यावर भांडू नका.

पाकीट मी बसमध्ये उघडलं नाही, गर्दी होती. नांदेडला किनवटच्या गाडीत जागा मिळाली तेव्हा उघडलं. सर, आम्ही 'महत्त्वाचं' एवढंच वाचतो हे तुमचं मत मला ठाऊक आहे, तुम्ही ते मला तोंडावर सांगितलं आहे. क्लासमध्ये पहिल्या दिवशी शिकवतात की प्रश्न पूर्ण वाचल्याशिवाय पेनला हात लावायचा नाही. मी चिठ्ठीपासून वाचलं. 'पाकीट पुनमच्या हाती पडू देऊ नका' हे वाक्य मी तेव्हा वाचलं जेव्हा ते माझ्याच हातात होतं. हिमायतनगर गेलं तेव्हा पान चौतीस संपलं होतं.

बारावी दिली, सीईटी दिली. निकाल लागला आहे. किती गुण पडले ते तुम्हाला कळवत नाही. क्लासवाल्यांना फोटोही दिला नाही.

गेल्या आठवड्यात मी त्या गावी गेले. किल्लारीपर्यंत बस, पुढे जीप. स्मृतिस्तंभावर मेलेल्यांची नावं आहेत. त्या घरातली सहा नावं एकाखाली एक आहेत, सहावं माझं. सर, तुम्ही दर वर्षी ज्या चौथऱ्यावर उभं राहून माझ्या वाचण्याचं भाषण करता, तो त्याच स्तंभाचा. तुमची पाठ नावांकडे असते म्हणून दिसलं नसेल.

गुरुबसप्पा आता गावीच राहतात; अंगणात पेरणीचं सोयाबीन निवडत होते. "कुनाची गं तू?" म्हणाले. मी म्हटलं, तुळजाबाईची. हातातलं सूप खाली ठेवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुळजाबाईची नात? भाषनात आयकतो ती तूच व्हय? लई ब्येस झालं. आमचं कुनीच न्हाई ऱ्हायलं बग." मला चहा पाजला. जाताना जीपपर्यंत सोडायला आले आणि ड्रायव्हरला म्हणाले, पोरीला म्होरं बशीव. मी त्यांना काही सांगितलं नाही. सांगायचं का, कधी, कोणत्या शब्दांत, हे मी ठरवेन. त्याच्यावर कुणी भाषण करायचं नाही आणि प्रकरण लिहायचं नाही.

ताई, मान्यतेचा कागद सोबत आहे. आजीचा अंगठा मी वेगळ्या कागदावर घेतला होता, तो माझ्याकडे राहील. तुमच्या कागदावर 'मान्य' आणि 'अमान्य' असे दोन चौकोन आहेत. मी दुसऱ्यावर खूण केली आहे, खाली सही माझी आहे. तुम्ही म्हणाल मुलगी अज्ञान आहे, सही चालणार नाही. शाळेच्या दाखल्याप्रमाणे मी सप्टेंबरमध्ये अठराची होते. पण तुमच्या पान बत्तीसप्रमाणे ती तारीख मेलेल्या मुलीची आहे आणि मी तीन महिन्यांनी मोठी आहे. म्हणजे या महिन्यात मी सज्ञान झाले. हे खोटं आहे असं म्हणायचं असेल तर चारही पानं खोटी ठरतात. काय ते निवडा. निवडून झालं की ती काढल्याचं पत्र तुमच्या विभागाच्या शिक्क्यासह पाठवा. नाही आलं तर कागदाच्या तळाशी पत्ता आहे त्या नियमांच्या समितीला मी लिहीन, आणि मला उत्तरपत्रिका नीट लिहिता येते.

आता आजीचं. तुम्ही दोघांनी मिळून तिचं काय केलंत हे तिला माहीत नाही. त्या दिवशी ती हातपाय धुऊन, ठेवणीतलं लुगडं नेसून बसली होती, पोथी ऐकायला बसतात तशी. मी तीस पानं वाचली. मग पान एकतीस आलं. मी म्हटलं, इथं तुझ्या भाकरीचं लिहिलंय, आणि भाकरीचं मनाने सांगत गेले: पीठ कसं मळतेस, पहिली भाकरी सगळ्यात लहान पोरीला कशी देतेस. चार पानं होतील एवढं सांगितलं. ती माझ्या हातातल्या कागदाकडे बघत होती. तिला अक्षर येत नाही, पण कागद किती वेळ उलटला नाही हे कळतं.

चाळिसावं पान संपल्यावर तिनं विचारलं, "एवडंच लिवलंय?"

"एवढंच."

तिनं माझ्या हातातल्या कागदांवरून हात फिरवला. मग म्हणाली, "बाई शानी हाय."

ताई, तिचं तुमच्याबद्दल मत चांगलं आहे. ते तसंच राहावं असं वाटत असेल तर पुन्हा आमच्याकडे येऊ नका.

पुनम